झाकण मी आवळलं, नाना

नाना, वहिनींचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या कॅम्पामागच्या तारेवर कपडे वाळत घालत होतो. तू गेल्याचं मला आदल्या दिवशीच कळलं होतं. आपल्या तालुक्यातल्या सौदीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुझा फोटो आला, खाली जोडलेल्या हातांची रांग लागली, आणि त्या रांगेत मीही दोन हात जोडून टाकले. घरी फोन करायचं धाडस काही झालं नाही. शेवटी वहिनींनीच केला.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "तेराव्याक सगळी जमतली. मास्तर बोलतले, सरपंच बोलतले. तुमी इतकी वर्सा तेंच्याबरोबर एका खोलीत काढलात. चार शब्द लिवन धाडा, मास्तर वाचून दाखवतले."

मी हो म्हणालो.

"फक्त ता दारूचा तेवढा लिवू नकात," त्या म्हणाल्या. "माका अजून लाज वाटता. सा म्हयने मी तेंच्याशी धड बोलूक नाय."

लाज त्यांना वाटते, नाना. ज्याला वाटायला हवी तो इथे सौदीत, राबिघमध्ये, उन्हात ओलं बनियन हातात धरून उभा होता, आणि "नाही लिहिणार, वहिनी" असं वर म्हणत होता.

खोलीत येऊन मी लिहायला बसलो. 'मनमिळाऊ, कष्टाळू, सदा हसतमुख' असं लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. तू आणि हसतमुख? सकाळी चहा होईपर्यंत तुझ्याशी बोलायची कोणाची टाप नव्हती. कागद फाडला. तुझ्याबद्दल लिहायचं आणि त्या बाटल्यांबद्दल लिहायचं नाही, म्हणजे उरलं काय? वेल्डिंग तर सगळेच करतात.

मी पहिल्यांदा खोलीत पाय ठेवला तेव्हा तू खाटेवर बसून एका बाटलीला कान लावून ऐकत होतास. मला वाटलं, झालं, वेड्याबरोबर दिवस काढायचे आता. मी आदबीनं म्हणालो, "तुम्ही नाना परब ना?" तर कान न काढता म्हणालास, "माका तुमी-बिमी नको. तू म्हण. आणि दार लाव."

मग मलाही ऐकवलंस. काळ्या द्राक्षांच्या रसाची बाटली, बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून आणलेली, कोणीही विकत घ्यावी अशी. त्यात साखर आणि पावाचं खमीर. तोंडावर झाकणाच्या जागी फुगा, त्याला सुईनं एक भोक. आतून बारीक आवाज येत होता, मंद आचेवर भात शिजतो तसा. "जीव आसा तेका," तू म्हणालास. त्या वेळी मला जीवाचं काही पडलं नव्हतं. मी विचारलं, "चढते का?" तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी देवळात चपला घालून आलोय.

तिथूनच आपलं भांडण सुरू झालं, ते कधी मिटलंच नाही. मी त्याला दारू म्हणायचो, तुला तो शब्द चालायचा नाही. तू म्हणायचास, दारू पिणाऱ्याची, हे करणाऱ्याचं. मी म्हणायचो, नाना, पोलिसाला सांग हा फरक. त्यावर तू चिडून फुगे बदलायला घ्यायचास. सापडलं तर जेल आणि मग कायमचं घर, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी तू ते करायचास. घरी तुझे वडील काजूची बोंडं पिळायचे, तो वास तुझ्या नाकात बसला होता आणि ह्या वाळूत तो दुसरा कुठे मिळणार, असं एकदाच म्हणाला होतास.

पण नियम किती. भट्टी लावायची नाही, आग आणि हे एका खोलीत नको. कोणाला विकायचं नाही, मागितलं तरी नाही. गाळ खाली बसल्याशिवाय हात लावायचा नाही. गवंडी लेव्हल बघायला पारदर्शक नळी वापरतात, ती साइटवरून आणून तू वरचं स्वच्छ तेवढं दुसऱ्या बाटलीत उतरवायचास. तेव्हा तुझा हात जराही हलायचा नाही, आर्गॉन वेल्डिंग करताना असतो तसाच. आणि चव घ्यायची ती चमच्यानं. चमचाभर तोंडात फिरवून डोळे मिटायचे, मग म्हणायचं, "साखर कमी पडली." उरलेलं कोण प्यायचं, नाना? मी प्यायचो. तू करायचास आणि मी ढोसायचो, हे त्या खोलीबाहेर कोणालाच माहीत नव्हतं.

डब्यातल्या बार्लीच्या पेयाची बिअर करून बघितलीस ती फसली, साबणासारखी लागली. आपण ती संडासात ओतली आणि दोन दिवस संडासाला बेकरीचा वास येत होता. खजुराची बरी झाली. पण तुझं मन होतं मधावर. इस्माईलभाई, आपल्या बसचा ड्रायव्हर, दापोलीकडचा, तो ताइफला गेला की तुला मध आणून द्यायचा. बिचाऱ्याला वाटायचं, नानाला खोकला आहे. त्या मधाची एकच बाटली तू लावलीस आणि मला दम दिलास, "हेका वरीसभर बघायचा पण नाय. मध सावकाश होता." मी दोन महिन्यांत तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तू ती माझ्या सेफ्टी बुटांच्या खोक्यात, माझ्याच खाटेखाली ठेवलीस. म्हणालास, चोराच्याच घरात ठेवली की चोरी होत नाही.

आता तो शुक्रवार.

तू प्लँटच्या शटडाउनच्या ड्युटीवर, मला सुट्टी. सकाळी चहाच्या रांगेत बातमी फुटली की नवा कॅम्प बॉस उद्यापासून खोल्या तपासणार आहे. मी खोलीत आलो आणि दारातच मला वास आला. खरं तर तो रोजच असायचा. पण त्या दिवशी तो मला पार कॉरिडॉरच्या टोकापर्यंत पोचलेला वाटला. माझ्या इकाम्याचं, इथे राहायच्या परवान्याचं, नूतनीकरण अडकलेलं, महिन्याभरात सुट्टीवर जायचं होतं, घरी मुलीच्या साखरपुड्याची तयारी. खिडकीपाशी तुझ्या अकरा बाटल्या ओळीनं, अकरा फुगे ताठ उभे.

तुला फोन करायला हवा होता. पण प्लँटमध्ये फोन नेऊ देत नाहीत, हे माझं मी कारण ठरवलं. आपल्या फोरमनच्या वॉकीटॉकीवर निरोप देता आला असता. मी नाही दिला.

मी फुगे काढले आणि झाकणं लावली. नाना, एकवीस वर्षं मी पाइप फिटर आहे. गळती दिसली की माझा हात विचारून चालत नाही. फ्लँज असो, व्हॉल्व्ह असो, कुठे वाफ दिसली की आवळायचं, आणि आवळून झालं की वर आणखी पाव फेरा. तसंच केलं. अकराही झाकणं हातानं गच्च आवळली आणि मग फडकं धरून वर पाव पाव फेरा दिला. तू किती वेळा सांगितलं होतंस, "झाकान घट करू नको हां मेल्या." मला ते आठवलं नाही असं नाही. मला वाटलं, एका दिवसानं काय होतंय. बाटल्या माझ्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून कपाटात ठेवल्या, खोली सोडताना एसी बंद करायचा नियम म्हणून तोही बंद केला, मे महिन्यात, आणि कपडे इस्त्रीला टाकायला गेलो. वास गेला म्हणून मी खूश होतो.

दुपारी असरच्या नमाजाच्या सुमारास परत आलो तेव्हा कॉरिडॉरमध्ये गर्दी. शेजारच्या खोलीतल्या नेपाळ्यांना आधी धडाका ऐकू आला, मग दाराखालून लाल ओघळ आला. त्यांना वाटलं, कोणी जिवाचं काही करून घेतलं. त्यांनी सिक्युरिटीला बोलावलं. दार उघडलं तर कपाटाची दारं निखळलेली, भिंतीवर, छतावर, तुझ्या गणपतीच्या कॅलेंडरवर सगळीकडे लाल, आणि बाटल्या अजून एकेक करून फुटत होत्या. कॅम्प बॉस बाहेर उभा राहून विचारत होता, "किसका है ये? किसका है?"

मी दारातच होतो. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं.

तेवढ्यात तुमची बस आली. तू कव्हरऑलमध्येच, हेल्मेट काखेत, घामानं निथळत आलास. गर्दी बाजूला झाली. तू आत एकदा नजर फिरवलीस, वाकलास, आणि कॅम्प बॉसच्या पायाशी येऊन पडलेला एक फुटका गळा उचललास, बाटलीचा, झाकणासकट. तो खिशात टाकलास. मला वाटलं, कोणाच्या पायाला काच लागू नये म्हणून.

"माल मेरा है, साब," तू म्हणालास.

"और ये?" त्यानं माझ्याकडे बोट केलं.

"इसको कुछ मालूम नहीं. ये तो पीता भी नहीं."

माझे ओठ हलले असतील, कारण तू माझ्याकडे वळून हळूच म्हणालास, "गप रव."

ते दोन शब्द मी चार वर्षं ढालीसारखे पुढे धरले, नाना. मनात कधी काही टोचलं की म्हणायचो, नानानंच सांगितलं होतं गप्प बस म्हणून. पण खरं सांगतो, मी बोलणार नव्हतो. तू 'गप रव' म्हणालास त्याच्या आधीच मी तोंडात मिठाची गुळणी धरली होती. ओठ हलले ते भीतीनं. तू मला आज्ञा केलीस असं मला पुढे म्हणता यावं म्हणून ते शब्द बोललास की मला खरंच थांबवायला, हे आता कोणाला विचारू?

कंपनीला स्वतःच्या अंगावर काही यायला नको होतं, म्हणून पोलीस बोलावले नाहीत. तिसऱ्या दिवशी तुझ्या पासपोर्टवर फायनल एक्झिटचा, कायमचं घरी पाठवायचा शिक्का. खलास. अठरा वर्षांची नोकरी एका बॅगेत बसली. मी तुला बसपर्यंत सोडायलासुद्धा आलो नाही. ड्युटी आहे म्हणालो. ड्युटी दोन तासांनी होती. बाथरूमच्या जाळीतून मी इस्माईलभाईची गाडी गेटबाहेर पडताना बघितली. आठवड्याभरानं तुझ्या खिडकीजवळच्या खाटेवर माझी गादी हलवली, तिथे एसी चांगला लागतो म्हणून.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मात्र टाळत होतो, ती आता लिहूनच टाकतो. माझ्या बुटांच्या खोक्यातली मधाची बाटली वाचली होती. तिला तेवढा फुगा तसाच होता, मी तिला विसरलो होतो म्हणून. तू गेलास त्याच्या पुढच्या शुक्रवारी मी ती प्यायलो. एकटा, पेल्यात ओतायचीही तसदी घेतली नाही. अजून कच्ची होती, नुसती गोड आणि घशाला खवखवणारी. मग तुझा फोन आला. स्वतःचं एवढं सगळं झालेलं, आणि तू विचारलंस काय, "मधाचा वाचला काय रे?"

मी म्हणालो, "नाही नाना, तेही घेऊन गेले."

"आसांदे," तू म्हणालास. "चैतात वरीस भरला असता."

नंतर तू शुक्रवारी फोन करायचास. मी उचलायचो, मग एखादा सोडून उचलायला लागलो, मग नुसता वाजू द्यायचो. तुला वाटलं असेल, बदनाम माणसाशी नातं नको म्हणून हा टाळतोय. तसंही असतं तर बरं होतं.

वर्षभरानं इस्माईलभाईनं मला सहज सांगितलं. जेद्दाच्या विमानतळावर जाताना तू समुद्राजवळ गाडी थांबवायला लावलीस. खिशातून काहीतरी काढलंस. "काच होती," इस्माईलभाई म्हणाला, "बाटलीचा गळा. झाकण फिरवून बघत होता. जोर लावत होता, पण फिरत नव्हतं. मग हसला आणि पाण्यात भिरकावलं. मी विचारलं, काय रे नाना? तर म्हणाला, काही नाही, फिटरचा हात आहे."

म्हणजे तुला माहीत होतं. त्या दारात उभं राहून, दोन श्वासांत, तुला सगळं कळलं होतं. तो गळा तू उचललास तो माझ्यासाठी. त्या झाकणाकडे नीट बघितलं असतं तर कॅम्प बॉसलाही कळलं असतं की बाटल्यांची काळजी घेणारा माणूस हे करणार नाही. हे कळल्यावर तरी मी फोन करावा की नाही? कोणताही माणूस करेल. मी त्या दिवशी दोनदा जेवलो आणि झोपलो.

आपल्या कामात रीत आहे, पाइप फिटर जुळवतो आणि वेल्डर जोडतो, पण जॉइंटवर नंबर वेल्डरचा पडतो. माझं फिट-अप, म्हणजे जुळवणी, वाकडं असलं, फट कमी-जास्त राहिली, तरी एक्स-रेत फेल झालेला जॉइंट तुझ्या नंबरावर जायचा. असे किती गेले. तू मला खोलीत येऊन आईमाईवरून शिव्या घालायचास, दोन दिवस अबोला धरायचास, पण इन्स्पेक्टरपुढे कधी माझं नाव घेतलं नाहीस. मला त्याची सवय झाली. नंबर नानाचा पडतो, हे मी धरूनच चाललो.

आणि गावात काय पडलं? तुझ्या आधी बातमी पोचली. दारूच्या भानगडीत हाकलला. लग्नाच्या पंगतीत कोणीतरी कोकमाचा पेला पुढे करून म्हणालं, "नाना, तुझ्या हातचा नाय हां ह्या." लोक हसले. हे मला माझ्या भावानं फोनवर मजेत सांगितलं आणि मीही हसलो. हो, हसलो. नंतर कळलं, तू कार्याला जाणं सोडलंस. शाळेच्या समितीतून नाव काढून घेतलंस. खिडक्यांच्या ग्रिल करत बसायचास, परड्यात बोंडं पडून सडायची तरी हात लावायचा नाहीस. वहिनी म्हणाल्या, कोकमाचं सरबतसुद्धा तू पुन्हा केलं नाहीस. ज्या माणसाच्या हातात ते होतं, त्याच्या हातातून ते मी काढून घेतलं, आणि तो घरी गप्प बसला. बायको बोलत नव्हती तरी गप्प बसला. तिला तरी सांगायचं होतंस, नाना. ह्या बाबतीत मला तुझा रागच येतो. तुझं गप्प बसणं मला इतकं सोयीचं पडलं की मी त्यात चार वर्षं आरामात राहिलो.

त्या सोयीतलाच एक शेवटचा कागद परवा लिहिणार होतो, सदा हसतमुखवाला. वहिनींची विनंतीही तीच होती. कोणी मला नाव ठेवलं नसतं.

हा कागद मी वहिनींच्या फोनवर पाठवतोय. वहिनी, तुम्ही म्हणालात ते मी लिहू नये, आणि मी तेच लिहिलंय. आधी तुम्ही वाचा. पाहिजे तेवढ्या शिव्या द्या, फोन करून द्या, मी उचलीन. मग तेराव्याला मास्तरांना सांगा, यातला शब्दही न गाळता वाचा. पंगतीत हसलेले सगळे तिथे असतील, माझा भाऊही असेल. एका तासात ते आपल्या ग्रुपवर येईल आणि संध्याकाळपर्यंत इथल्या कॅम्प बॉसकडे. माझा इकामा आठ महिन्यांचा उरलाय. काय व्हायचं ते होईल. बॅग मला खाटेखालून काढायची आहे, तेवढंच.

नाना, तू असतास तर आताही म्हणाला असतास, गप रव. ह्या वेळी नाही ऐकणार. अकराही झाकणं मी आवळली, पिणारा मी होतो, मधाची बाटली मी संपवली, तुला हाकललं ते माझ्या हातामुळे. दुसऱ्या कोणावर यायला नको म्हणून नाव खाली पुरतं लिहितो, वाडीसकट. ह्या जॉइंटवर नंबर माझा घाला.

दिगंबर सखाराम राऊळ
पाइप फिटर
खालची भंडारवाडी